ब्रिटिश पाथेचं फुकटातलं भांडार: युद्धाच्या न्यूजरील बघायला बसाल तर आधी आवाज बंद करा

युट्यूबवर ब्रिटिश पाथे नावाचं चॅनेल आहे. एप्रिल २०१४ मध्ये या कंपनीने आपल्या संग्रहातल्या सुमारे ८५,००० फिती तिथे एका दमात टाकून दिल्या. एकूण साडेतीन हजार तास. रोज आठ तास बसलात तरी सव्वा वर्षाची बेगमी. वर्गणी नाही, नोंदणी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाया घरी बसलेल्या लोकांना कशा दाखवल्या गेल्या हे बघायचं असेल, तर सुरुवातीला याहून सोयीची जागा नाही. फक्त इथे पाटी वाचून माल उचलायचा नाही. बऱ्याच पाट्या दुकानदाराने नाही, १९४२ सालच्या जाहिरातवाल्याने लिहिल्या आहेत.

आधी माल काय आहे ते. पाथेने ब्रिटनमध्ये न्यूजरील, म्हणजे थिएटरात दाखवायची बातम्यांची फीत, १९१० साली सुरू केली आणि १९७० ला बंद केली. युद्धकाळात तिथे अशा पाच न्यूजरील चालत होत्या: पाथे, गोमाँ ब्रिटिश, ब्रिटिश मूव्हिटोन, ब्रिटिश पॅरामाउंट आणि युनिव्हर्सल. प्रत्येकीचे आठवड्याला दोन अंक, सोमवारी आणि गुरुवारी, थिएटरात मुख्य सिनेमाच्या जोडीला. बीबीसीने टीव्ही १ सप्टेंबर १९३९ लाच बंद केला होता, त्यामुळे हलत्या चित्रातलं युद्ध बघायला दुसरी खिडकीच नव्हती. १९४५ पर्यंत ब्रिटनमध्ये आठवड्याला तीन कोटी तिकिटं खपत होती. एवढ्या लोकांनी इजिप्तमधल्या एल अलामेनची आणि इटलीतल्या कासिनोची लढाई पाहिली ती या आठ-दहा मिनिटांच्या पट्टीत, आणि तेही राजाची भेट, फुटबॉलचा सामना असल्या बातम्यांच्या शेजारी.

पाच कंपन्या म्हणजे पाच डोळे असं मात्र समजू नका. आघाडीवर कॅमेरामन मोजके, म्हणून रोटा पद्धत होती: एकाने टिपलेलं पाचही कंपन्यांना वाटायचं. शिवाय ऑक्टोबर १९४१ पासून लष्कराचं स्वतःचं चित्रीकरण पथक, आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिट, आलं आणि लढाईची बरीचशी दृश्यं तिथून मिळू लागली. त्यामुळे पाथेत दिसलेला रणगाडा तोच, त्याच खड्ड्यातून, तीच धूळ उडवत मूव्हिटोनमध्येही जातो. बदलतं ते निवेदन, संगीत आणि मागचापुढचा शॉट. मूव्हिटोनचा संग्रहही २०१५ पासून युट्यूबवर आहे. एकच लढाई दोन खिडक्यांत शेजारी शेजारी लावा. पाथेला बॉब डॅनव्हर्स-वॉकरचा खणखणीत आवाज, मूव्हिटोनला लेस्ली मिचेलचा जरा सभ्य, रेडिओ वळणाचा. चित्र तेच असूनही दोन वेगळ्या लढाया ऐकू येतात. प्रचार कुठे राहतो हे कळायला हा एक प्रयोग पुरेसा आहे.

शोध कसा घ्यायचा

चॅनेलच्या मुख्य पानावर जे समोर येतं ते सोडून द्या. तिथे विचित्र शोध, राजघराणं आणि जुन्या फॅशनच जास्त. चॅनेलच्या आतल्या भिंगावर टिचकी मारा आणि जागा व साल एकत्र टाका. नावं तेव्हाची हवीत. मुंबई टाकून काही हाती लागत नाही, बॉम्बे टाकावं लागतं. पुण्यासाठी पूना, म्यानमारसाठी बर्मा, लिबिया-इजिप्तसाठी वेस्टर्न डेझर्ट. मराठा पलटणी शोधताना तर स्पेलिंगच वेगळं: इंग्रजीत एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए, मध्ये एच आणि दोन टी. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर मराठा लाइट इन्फन्ट्रीची तेव्हाची नोंद बाहेर येत नाही आणि माणूस समजतो की काही नाहीच.

व्हिडिओखालचं वर्णन नीट वाचायला शिका, खरी किल्ली तिथे आहे. ही वर्णनं बरीचशी जुन्या सूचीतून जशीच्या तशी उचललेली, त्यामुळे त्यांची भाषा फिल्मवाल्यांची आहे. सी/यू म्हणजे क्लोज-अप, एम/एस म्हणजे मिड शॉट, एल/एस म्हणजे लांबून. 'आयटम टायटल रीड्स' नंतर येतं ते पडद्यावरचं मूळ शीर्षक, म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकाला जे वाचायला दिलं ते. त्याखाली येतो तो सूचीकाराने डोळ्यांनी पाहिलेला मजकूर. या दोन्हींत फरक पडला की थांबायचं. शीर्षकात शत्रूचा पाडाव असतो आणि खाली नुसतंच 'व्हेरियस शॉट्स ऑफ' तोफा. तोफा कुणाच्या, कुठल्या दिवशी, त्याचा पत्ता नाही.

तारखेचाही घोळ होतो. वर्णनात येते ती बहुधा अंक थिएटरात लागल्याची तारीख. वाळवंटात टिपलेली फिल्म लंडनला पोहोचायची, धुतली जायची, सेन्सॉरच्या नजरेखालून जायची, मग निवेदन चढायचं. मध्ये दिवस जात, कधी आठवडे. घटनेची तारीख म्हणून ती वापरली की लेखाची फजिती ठरलेली.

आणि दोन शब्द वहीत लिहून ठेवा. एक, 'कट्स एक्झिस्ट, सी सेपरेट रेकॉर्ड': म्हणजे कापून टाकलेले तुकडे वेगळ्या नोंदीखाली जपलेले आहेत. दुसरा, 'अनयूज्ड, अनइश्यूड मटेरियल': कधीच न दाखवलेला माल. या भांडाराची खरी किंमत इथे आहे. झालेला अंक तर कुठल्याही माहितीपटात सापडतो. काय कापलं ते इथेच बघायला मिळतं. न वापरलेल्या फितींना बहुतेक वेळा आवाज नसतो, शॉट लांब असतात, सुरुवातीला कॅमेरा हलतो, सैनिक कॅमेऱ्याकडे बघून हसतो, कुणीतरी हात करून 'परत एकदा' अशी खूण करतो. तेवढा एक हात शंभर पानांच्या पुस्तकापेक्षा जास्त सांगून जातो.

खरं-खोटं तपासायचं कसं

पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. पूर्ण फीत. मग कागदावर लिहा की चित्रात नक्की काय झालं: तोफ उडाली, माणसं चालली, धूर दिसला. त्यानंतर आवाज लावून दुसऱ्यांदा बघा. निवेदकाने सांगितलेल्यापैकी कागदावर किती आहे ते मोजा. बहुतेक लढायांच्या फितींत 'आपल्या तोफांनी त्यांची फळी फोडली' या वाक्याखाली दिसते ती फक्त आपली तोफ. फळी दिसत नाही, फुटणं दिसत नाही. तोफेचा शॉट, मग कुठल्यातरी टेकडीवर धूर, मग हात वर केलेले कैदी. तीन दिवसांचे, कदाचित तीन ठिकाणचे तीन शॉट, आणि प्रेक्षक मनात त्यांना जोडून लढाई तयार करतो. चित्रातला एकही शॉट खोटा नाही, तरी लढाई बनवलेली आहे. न्यूजरीलमध्ये सरळ खोटी दृश्यं कमी, जोडकाम फार.

नंतर आवाजाकडे या. आघाडीवरचे कॅमेरे हातात मावणारे होते, आयमो किंवा डीव्ह्राय, चावी भरून चालणारे आणि मुके. शंभर फुटांची गुंडाळी. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे एका गुंडाळीत सव्वा मिनिटसुद्धा नाही, आणि चावी त्याआधीच उतरते. त्यामुळे लढाईच्या अखंड, लांबलचक शॉटची अपेक्षाच ठेवू नका. स्फोटांचा आवाज स्टुडिओच्या साठ्यातून नंतर चिकटवलेला असतो. ओळखायचा कसा? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक किलोमीटरवर धूर उठला तर धडाका तीन सेकंदांनी यायला हवा. न्यूजरीलमध्ये चमक आणि धडाका एकाच क्षणी येतात, अगदी दिवाळीच्या सुतळी बॉम्बसारखे. अशी फीत खोटी ठरत नाही, पण तिच्यातल्या आवाजाला पुरावा म्हणू नका.

तिसरी गोष्ट, कॅमेरा कुठे उभा आहे. धावत येणाऱ्या आपल्या सैनिकाचा चेहरा समोरून दिसत असेल तर कॅमेरामन शत्रूकडे पाठ करून, दोन्ही बाजूंच्या मधोमध उभा होता असं मानावं लागेल. बहुतेकदा तो सराव असतो, किंवा लढाई संपल्यावर दुसऱ्या दिवशी केलेली नक्कल. खऱ्या हल्ल्याच्या फिती पाठमोऱ्या असतात, कॅमेरा जमिनीलगत, आडोशामागून, आणि माणसं बारीक ठिपक्यांएवढी. बघायला कंटाळवाण्या. म्हणूनच त्या कापल्या जात. एक लहानशी खूणही आहे: ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलचा बोल्ट उजवीकडे असतो. सगळी पलटण डावखुरी दिसली तर निगेटिव्ह उलटं लावलंय. सैन्य पडद्यावर सतत एकाच दिशेने पुढे सरकताना दिसावं म्हणून संकलक असं करत. वाहनांवरचे आकडे उलटे दिसले तर खात्रीच.

अलामेनची रात्र

हे सगळं एकाच जागी तपासायचं तर अलामेन घ्या. २३ ऑक्टोबर १९४२, रात्री नऊ चाळीसला ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीच्या तोफा सुटल्या. शेकडो तोफा, काळोख, आणि तेव्हाची फिल्म. अशा उजेडात फिल्मवर उमटतं ते तोफेच्या तोंडाची लखलख, बाकी काळं. खऱ्या शॉटमध्ये तेच दिसतं: काळा पडदा, त्यात पांढऱ्या ठिणग्या. मग मधेच एखाद्या सैनिकाचा घामेजलेला चेहरा, त्यावर तालात उजेड येतो-जातो, संगीन स्पष्ट, गालावरचा खड्डासुद्धा दिसतो. तो उजेड तोफेचा नाही, दिव्याचा आहे. १९४३ सालच्या डेझर्ट व्हिक्टरी या तासाभराच्या लष्करी माहितीपटात रात्रीच्या हल्ल्याची काही दृश्यं लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत रचलेली आहेत. त्याच माहितीपटाला ऑस्कर मिळालं, आणि त्यातली खरी दृश्यं टिपताना पथकाने जीव धोक्यात घातला होता. दोन्ही गोष्टी एकाच फितीत शेजारी आहेत. पुढे टीव्हीच्या माहितीपटांनी पाइनवूडचेच चेहरे अलामेनची रात्र म्हणून वापरले, कारण ते छान दिसतात.

ही युक्ती दुसऱ्या महायुद्धाची नव्हे. १९१६ च्या द बॅटल ऑफ द सोम या चित्रपटात खंदकातून उडी मारून निघणारी तुकडी दाखवली आहे आणि काटेरी तारेजवळ दोघे कोसळतात. तो भाग आघाडीमागे, उखळी तोफांच्या प्रशिक्षण शाळेजवळ रचला होता असं मानलं जातं. सैनिकांच्या पाठीवर सामानच नाही, तार गुडघ्याएवढी, कॅमेरा खंदकाबाहेर बिनधास्त. आणि 'मेलेला' एक जण आरामात पाय पायावर टाकतो. त्याच चित्रपटातला हॉथॉर्न टेकडीचा सुरुंग मात्र अस्सल आहे, १ जुलै, सकाळी सात वीस. पहिल्या सहा आठवड्यांत ब्रिटनमध्ये त्याची सुमारे दोन कोटी तिकिटं खपली. १ जुलैच्या त्या एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते तारेजवळचे दोघे. हा चित्रपट पाथेकडे नको, लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संकेतस्थळावर बघा. तिथली नोंद कुठलं दृश्य रचलेलं हे स्पष्ट सांगते. वर्णनांच्या बाबतीत पाथे त्यांच्या जवळपासही पोहोचत नाही.

जे दाखवलंच नाही

२५ नोव्हेंबर १९४१. भूमध्य समुद्रात बार्हम या युद्धनौकेला जर्मन पाणबुडीचे टॉर्पेडो लागले. शेजारच्या व्हॅलियंट नौकेवर गोमाँ ब्रिटिशचा कॅमेरामन जॉन टर्नर होता. नौका कलते, कठड्यावरून माणसं मुंग्यांसारखी तळाच्या बाजूवर सरकतात, आणि मग दारूगोळा फुटून सगळं काळ्या धुरात जातं. पहिला मार बसल्यापासून चार-पाच मिनिटांत ८६० हून जास्त खलाशी गेले. नौका बुडाल्याची बातमी २७ जानेवारी १९४२ पर्यंत दाबून ठेवली होती. फीत तर युद्ध संपेपर्यंत लोकांना दाखवलीच नाही. युद्धातल्या एखाद्या संहाराची आपल्याकडे असलेली सर्वांत स्पष्ट फीत, आणि ज्यांना ती कळायला हवी होती त्यांच्यापर्यंत ती वेळेत पोहोचलीच नाही. ती बघताना आवाज मुद्दाम लावा. बऱ्याच प्रतींवर मागाहून धडाका घातलेला आहे. टर्नरचा कॅमेरा मुका होता.

मुंबईचं उदाहरण घ्या. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं. मशीद बंदर, काथा बाजारपर्यंत आग. शहराला बाकी कुणी सांगण्याची गरज नव्हती, पण जगाला ही बातमी पहिल्यांदा सांगितली ती जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने. ब्रिटिश आणि भारतीय पत्रांना तपशील छापायची मोकळीक मे महिन्यात मिळाली. सुधीश घटक यांनी चित्रित केलेली फिल्म लष्कराने जप्त केली आणि तिचे काही भागच नंतर न्यूजरीलमधून लोकांसमोर आले. युद्धकाळातली मुंबई पाथेमध्ये धुंडाळताना हे डोक्यात असू द्या. जे सापडेल ते परवानगीतून गाळून आलेलं.

आपल्याकडची न्यूजरील वेगळी होती. १९४३ पासून इंडियन न्यूज परेड आणि तिच्या जोडीला इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया. भाषा इंग्रजी, हिंदुस्तानी, बंगाली, तमिळ, तेलुगू. मराठी नाही. डिफेन्स ऑफ इंडिया रूल्समध्ये १९४३ साली कलम घालून प्रत्येक खेळाला सरकारमान्य फिल्म, २,००० फुटांपर्यंत, दाखवणं सक्तीचं केलं. म्हणजे बावीस मिनिटं, आणि भाडं थिएटरवाल्याच्या खिशातून. सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ लागल्यावर शेंगदाणे आणायला बाहेर जाणाऱ्या पिढीला हे ओळखीचं वाटेल. मूळ तिथलंच आहे. ही न्यूजरील पाथेवर शोधत बसू नका. कोलोनियल फिल्म या ब्रिटिश संकेतस्थळावर वसाहतींच्या सहा हजारांहून जास्त फितींची सूची आहे, त्यातल्या दीडशेच्या आसपास बघता येतात, आणि इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियावर अभ्यासू टिपण आहे.

भारतीय सैनिक पाथेमध्ये भेटतात, पण कसे ते बघण्यासारखं आहे. संचलन, जेवण रांधणं, एखादा जनरल हस्तांदोलन करतोय, पदक छातीवर. निवेदनात 'शूर', 'निष्ठावान', नाव क्वचित. यशवंत घाडगे यांना इटलीत १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नामदेव जाधव यांना हयातीतच, ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. अशा क्षणी कॅमेरा शेजारी नसतोच. त्यामुळे त्यांच्या नावाखाली लढाईची फीत कुणी पाठवली, आणि सध्या व्हॉट्सअॅपवर काहीही फिरतं, तर ती दुसऱ्या कुणाची तरी आहे असंच धरून चाला.

तक्रारी आणि पर्याय

पाथेच्या भांडारात मूळ अंक अखंड फार कमी मिळतो. एका अंकातल्या सात-आठ बातम्या सुट्या करून सात-आठ व्हिडिओ केलेले आहेत. त्यामुळे पराभवाच्या बातमीनंतर लगेच लहान मुलांचा कार्यक्रम कसा लावला होता, हा डाव आपल्याला दिसत नाही, आणि प्रचाराचा अर्धा भाग तिथेच असतो. पहिल्या महायुद्धातल्या काही फिती वाढीव वेगाने पळतात. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याची फीत २४ किंवा २५ फ्रेमने चालवली की तशी होते. युट्यूबवर वेग पाऊणपट करा, बरीचशी ताळ्यावर येते. प्रतिक्रियांचा भाग बंदच ठेवलेला बरा.

आणखी एक घोटाळा: बघणं फुकट आहे, वापरणं नाही. शाळेच्या वर्गात दुवा दाखवणं वेगळं आणि स्वतःच्या व्हिडिओत तुकडा डकवणं वेगळं. त्याला पाथेचा परवाना लागतो, आणि दर कशासाठी, किती सेकंद, कुठे दाखवणार यावर ठरतो. मिनिटभराचा तुकडा मोफत हवा असेल तर अमेरिकन युनिव्हर्सल न्यूजरील घ्या. कंपनीने १९७० च्या दशकात ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला देऊन टाकली आणि ती सार्वजनिक मालकीची आहे. इंटरनेट आर्काइव्हवर भरपूर अंक आहेत, तेही अखंड. दर्जा कमी, निवेदन अमेरिकन, पण हिशोब चोख. जर्मन बाजू हवी तर डॉयचे वोखेनशाऊ शोधा: जून १९४० पासून चार न्यूजरील एकत्र करून केलेली एकच, कधीकधी चाळीस मिनिटांची, शेवटचा अंक मार्च १९४५ चा, क्रमांक ७५५. मित्रराष्ट्रांनी तिचेच शॉट पळवून वर आपलं निवेदन चढवलं. त्यामुळे पाथेमध्ये जर्मन रणगाडे समोरून, अगदी ऐटीत येताना दिसले तर ते बहुधा गोबेल्सच्याच माणसांनी टिपलेले.

नव्याने सुरू करणाऱ्याने अलामेनपासून सुरुवात करावी, १९४२ टाकून, आणि शीर्षकाआधी 'अनयूज्ड' शोधावं. वही जवळ हवी, आणि हेडफोन काढून ठेवलेला.